स्टेअरिंगवरची टिकली

बहादरपूरच्या वळणावर
गाडी वळली, आणि वळतच राहिली.
मी चाक सोडलं, जसं सगळेच सोडतात,
वळण संपलं की ते आपलं आपण सरळ होतं म्हणून.
नाही झालं.
पऱ्हाट्यांचा ढीग आडवा आला ते बरं,
त्याच्यामागे गोठा होता.
बर्फाच्या डब्यात सतरा नळ्या
खणखणून एकमेकींना भेटल्या.
फुटली एकही नाही.

चौऱ्याण्णवची मारुती, कधीकाळची पांढरी.
तिच्यातून मी गावोगावचं रक्त आणते,
तामसवाडीचं, शिरसोद्याचं,
दुपारच्या आत पारोळ्याच्या लॅबमध्ये.

पंपावरचा म्हणाला, हवा कमी.
दीर म्हणाले, अलाइनमेंट.
ज्यांनी गाडी विकली ते गजमल अण्णा
सुपारी कातरत म्हणाले,
"अकरा वर्षं जिनिंगला नेली-आणली, कधी अडली नाही.
बाईमाणसाचा हात हलका पडतो."
मी हात पाहिले.
दंडावर न दिसणारी शीर
या बोटांना अंधारातही सापडते.

मग एका रात्री, अंगणात,
कपाळाची टिकली काढून
चाकाच्या माथ्यावर लावली, बरोब्बर बाराच्या जागी,
आणि हळूहळू फिरवत गेले.
दोन वाजता अडकली.
आठ वाजता अडकली.
पुढच्या फेरीत पुन्हा दोन, पुन्हा आठ.
वहीत लिहिलं, तारीख टाकून.

हिलाल मिस्तरीचं गॅरेज म्हणजे
एक कडुनिंब, एक लोखंडी खाट,
आणि सांडलेलं तेल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन.
टिकली पाहून त्याचा पोऱ्या हसला.
मिस्तरी हसला नाही.
वही मागितली, ओठ हलवत वाचली.
"प्रत्येक फेरामा दोनदा?"
"प्रत्येक."

पुढचा भाग जॅकवर उचलला.
चाकं अधांतरी, जमिनीशी काही देणंघेणं नाही,
तरी दोनला, आठला.
टायरकडची टोकं सोडवली.
टायर एका बोटाने झुलले,
तरी दोनला, आठला.
मग तो पेडलांपाशी उताणा शिरला,
बाराच्या पान्याने बोल्ट काढला,
आणि वरची दांडी वरच्यापुरती, खालची खालच्यापुरती,
दोघीही लोण्यात फिराव्या तशा फिरल्या.

मधे उरला सांधा.
मुठीत मावेल एवढा,
एका अंगाने वाकणारा,
दुसऱ्या अंगाने गंजून दगड झालेला.
"हाऊच. दुखनं सांधामा शे,
अन लोके हातपाय दाबी ऱ्हायनात."
मिस्तरीने वर बोट केलं: काचेच्या रबराला भेग,
किती पावसाळे तिथून थेंब
नेमका इथेच पडत असणार,
अण्णांच्या बुटांशेजारी.

रॉकेलमध्ये बुडवला, वाइसमध्ये धरून हलवला.
तांबडं पाणी सुटलं. वाकला, पण कुरकुरत.
"आठ दिन चाली. नववा दिननं माले इचारू नको."
नवा सांधा धुळ्याहून आला,
संध्याकाळच्या एस.टी.तून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तोवर मी खाटेवर बसून
पोऱ्याच्या डब्यातली शेवभाजी खाल्ली,
नाकातोंडातून पाणी येईस्तोवर.

साडेआठशे झाले.
ग्रीसने माखलेलं चाक पोऱ्याने पुसलं,
टिकलीभोवतीने फडकं फिरवून.
पैसे मोजता मोजता मिस्तरी म्हणाला,
"तुन्हा हातले समजेल व्हतं, ताई.
आम्हनं काम ते फक्त खोलानं."

सकाळी पुन्हा बहादरपूरचं वळण.
वळले, आणि मुठी सैल केल्या.
चाक तळव्यांतून परत निघालं,
घाई नाही, अडखळ नाही,
टिकली चारवरून तीन, दोन
(दोनला माझा श्वास थांबला, तिचा नाही)
एक, बारा.

पऱ्हाट्यांचा ढीग अजून तिथेच आहे.
माझ्या बंपरने पाडलेल्या पोकळीत
कोणाची तरी कोंबडी अंड्यावर बसली आहे,
हॉर्न दिला तरी उठत नाही.