बर्फातल्या नळ्या

इलोमान्त्सीहून दुपारी निघालेली बस
कुओपिओला लागायची
तेव्हा अंधार तीन तास जुना झालेला असायचा.
ड्रायव्हर खोका हातात देताना दर वेळी विचारायचा,
"आज कुणाचं रक्त?"
लाकूडतोड्यांचं, मी म्हणायचो,
आणि मोजे न काढताच सही करायचो.

खोक्यात बर्फ. बर्फात नळ्या.
नळ्यांवर हिल्क्काचं तिरकं अक्षर:
गाव, वय, वरचा दाब, खालचा दाब.
दोनशे दहा, एकशे वीस.
वय एक्केचाळीस.

मी प्रयोगशाळेत नवा होतो, नळ्या धुवायचो.
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं तिनं मला समजावलं होतं:
रक्ताचा जोर ओसरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं,
रेनिन एक लांबलचक प्रथिन कातरतं,
कातरलेला तुकडा पुढे आणखी छाटला जातो,
मग तो नसा आवळतो,
आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीला
सांगावा धाडतो: मीठ जाऊ देऊ नकोस.
"तिथून निघतो तो हार्मोन," ती म्हणाली,
"खाल्ल्या मिठाला जागतो.
कधी कधी इतका,
की धन्यालाच उठवत नाही."

तिचा बाप जानेवारीत सापडला होता,
भूर्जाला टेकून बसलेला, करवत मांडीवर.
सत्तेचाळीस.
डब्यात काळी भाकरी, खारवलेले मुइक्कू मासे,
आणि त्यांच्यावर पुन्हा भुरभुरलेलं मीठ.
हे तिनं एकदाच सांगितलं,
सेंट्रिफ्यूज चालू असताना.
निम्मं मला ऐकू आलं नाही.

तीन हिवाळे आकडे चढेच येत होते.
सगळ्या गावांत रेनिन उफाळलेलं.
मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली,
हेलसिंकीहून पत्र आलं.

मार्चमधल्या एका रात्री
अकरा नळ्यांचा स्टँड मी टेबलावर विसरलो.
सकाळी कबूल करायची छाती झाली नाही,
बर्फातल्या जोडीदार नळ्यांबरोबर
त्याही मोजायला लावल्या.
तेच रक्त. तोच माणूस. तोच दंड.
आकडा निम्म्याहून कमी.

मग मात्र सांगावं लागलं.
ती ओरडली नाही.
कोट घातला, बाहेर गोठलेल्या तळ्यावर जाऊन उभी राहिली,
आणि परत आल्यावर म्हणाली, "पुन्हा विसर."
तीन आठवडे मी मुद्दाम विसरत राहिलो.

रक्तात आणखी एक रेनिन असतं, निजलेलं,
तोंडावर हात घेऊन झोपलेल्या पोरासारखं.
उबेत ते तसंच राहतं.
गारठ्यात हात घसरतो, दात उघडे पडतात.
थंडीनं सगळं थांबतं, असं धरून चाललो होतो आम्ही,
तेही या मुलखात,
जिथे जानेवारीत काय काय होतं
ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

तीनशे अठ्ठ्याहत्तर ओळी तिनं पट्टी धरून खोडल्या.
पट्टी न धरता नसत्या खोडता आल्या, मला वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात बस बंद.
आम्हीच गेलो, तिच्या खडखडणाऱ्या गाडीतून,
नळ्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरून.
लोक हसायचे: "अंडी उबवताय का?"
शाळेच्या वर्गात रांग लागायची,
लहान मुलांच्या बाकांवर मोठे गडी, बाह्या वर केलेले.

शेवटी तिची आई आली.
बोटांच्या पेरांत मीठ पांढरं झालेलं.
"किती?"
हिल्क्कानं आकडा सांगितला.
म्हातारी थोडा वेळ पट्ट्याकडे बघत राहिली.
"यंदाचे मासे तर खारवून झालेत," म्हणाली,
आणि एक बादली गाडीत ठेवून गेली.

येताना रस्ताभर आम्ही ते मासे खाल्ले.
फार खारट होते. दोघांपैकी कुणी बोललं नाही.

छापून आलेल्या निबंधात एक वाक्य आहे:
काही नमुने अनवधानाने बर्फाबाहेर राहिले.
कुणाच्या, ते नाही.