टेबलाची लांबी

अप्पा बळवंत चौकातून वारज्यापर्यंत
रिक्षात पुस्तकं मांडीवर होती,
दर सिग्नलला सुतळी काचत होती.
दुकानदाराने विचारलं होतं, "कितवीचं देऊ?"
मी म्हटलं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा.
"वय नाही हो, इयत्ता."
इयत्ता नाही, घरीच शिकतात म्हटल्यावर
त्याने चष्म्यावरून पाहिलं,
दहा रुपयांच्या वस्तूला
पाचशेची नोट काढणाऱ्याकडे पाहावं तसं.

आता तीन गठ्ठे जेवणाच्या टेबलावर.
एक परदेशी, गुळगुळीत,
प्रत्येक बेरजेला रंगीत ठोकळे,
आणि किंमत अशी
की अभिरामला मी ती दोन हप्त्यांत सांगितली.
एक सरकारी, पातळ,
जत्रेतल्या फुगेवाल्याचे पाच फुगे
त्यात अजून फुटतायत.
तिसरं कुणा निवृत्त मास्तरांनी पदरमोड करून छापलेलं:
पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीसुद्धा.
चित्र एकही नाही.
प्रस्तावनेत लिहिलंय, मुलांना फार समजावू नये.

आठ दिवस झाले, पहिले पाढे पंचावन्न.
मुलं झोपली की मी भागाकार शोधते.
ठोकळ्यांच्या पुस्तकात तो पान एकशेचाळीसला,
सरकारीत दिवाळीनंतर,
मास्तरांकडे पान तीनवरच,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा.

सासूबाई फोनवर म्हणाल्या,
शाळेत घातलं असतं तर शाळेनं निवडलं असतं.
बरोबर आहे त्यांचं.

खरं तर मी मुलांसाठी वाचतच नव्हते.
मी शोधत होते तिसरीतली ती ओळ
जिथे माझा हात सुटला.
शेजाऱ्याकडून दहा उसने आणायचे, हे कळलं होतं.
शेजारीच शून्य असेल, तर त्याने पुढच्या दारी जायचं,
तिथे मी थांबले.
घारपुरे बाईंनी फळ्याशी उभं केलेलं, हातात खडू,
पाठीला चाळीस मुलींची शांतता,
आणि मी विचार करत होते
की ज्याच्याकडे स्वतःलाच काही नाही
त्याने दुसऱ्याकडून मागून आणून मला का द्यावं.
ते कुणी विचारलं नाही.
वहीत लाल फुली, बस.

आज गुरुवार. नळाला पाणी नाही,
भांडी तशीच. यशोधन टेबलावर चढलाय,
पुस्तकं ओळीने आडवी लावतोय.
"टेबल साडेपाच पुस्तकं लांब आहे!"
शाल्मली दारातून, वेणी घालता घालता,
"कुठली पुस्तकं?"
"सगळी."
"असं नसतं. एकदा मोठं, एकदा छोटं,
त्याला मोजणं म्हणत नाहीत. एकच घे."
"कुठलं?"
"कुठलंही. पण मग मधेच बदलायचं नाही."

मी ओट्याशी, हातात कोरडी बादली.
अभिरामने पेपरातून मान बाहेर काढली
आणि परत आत घातली.

यशोधनने मास्तरांचं उचललं, हलकं म्हणून.
बोटाने खूण करत, जीभ बाहेर काढून,
सात वेळा.
आणि थोडं उरलं,
लोणच्याची बरणी असते तेवढं.
"याला काय म्हणायचं?"

बाकी, म्हणणार होते मी,
मग म्हणणार होते अपूर्णांक,
मग पाव की निमकी ते बघू या.
शाल्मलीने माझ्याकडे न बघता
हात वर केला, थांब.

तो पुस्तक उभं धरून बघतो,
मग तिरकं,
मग मधोमध दुमडतो.
मास्तरांच्या पुस्तकाचा कणा कट्‌कन मोडतो.
मी काही बोलत नाही.

पावती कुठे ठेवली कोण जाणे.
दुकानात पाटी काही असो,
दहा दिवसांत परत घेईन म्हणाला होता तो.
आज कितवा दिवस,
ते मी पदराआड
बोटांवर मोजते आहे.