असेल

एर्मेलिंडा टीचरच्या ओट्यावर आम्ही तिघं:
मी, लोचना बऱ्हाटे आणि सुभान तडवी,
जो फक्त बिस्किटांसाठी येतो. हे त्यानंच सांगितलंय.
भुसावळ, रेल्वे कॉलनी, मे महिना.
सकाळचे सात, तरी फरशी चटकायला लागलेली.
सातवीची सुट्टी, आणि आम्ही पोर्तुगीज शिकतोय.

टीचर रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर होत्या.
त्याआधी गोव्यात, लहानपणी,
हीच भाषा तळहातावर पट्टी खाऊन शिकल्या.
आता पट्टी त्यांच्याच हातात,
पण त्या फळ्यावर रेघा मारतात फक्त.

"भविष्यकाळ सोपा," त्या म्हणतात.
"अख्खं क्रियापद घ्यायचं, मोडायचं नाही,
मागे शेपूट लावायचं."
फालार, बोलणं. फालारेय, मी बोलेन.
फालारा, तो बोलेल.
लोचना वहीत रकाने आखते.
एक त्यांचा, एक शाळेतल्या मराठीचा,
आणि मी सांगते म्हणून तिसरा,
माझ्या आईचा, पारोळ्याकडचा: बोलसू.
टीचर तो शब्द दोनदा म्हणून बघतात,
खडीसाखरेसारखा गालात धरून.

सुभानला खरंखुरं वाक्य हवं असतं.
मग फळ्यावर येतं: अ आग्वा व्हिरा.
पाणी येईल.
शेजारच्या क्वार्टरमधून काकू विचारतात, "कधी?"
टीचर खडू खाली ठेवतात.
"एवढं व्याकरणात नसतं, बाई."

फक्त तीन क्रियापदं वाकडी चालतात.
सांगणं, करणं, आणणं.
शेपूट लावण्याआधी त्यांच्या पोटातलं एक अक्षर गळतं.
दिझेरचं दिरेय. फाझेरचं फारेय. त्राझेरचं त्रारेय.
का गळतं?
"वापरून वापरून झिजलं असेल," टीचर म्हणाल्या.

मला पटलं.
पप्पा जाताना हीच तिन्ही वापरून गेले.
पोचलो की सांगेन.
तुझ्या फीचं करेन.
येताना काहीतरी आणेन.

ते नाकालाला आहेत, मोझांबिकमध्ये.
ॲटलासवर माझ्या नखाएवढं बंदर.
जळगावच्या डाळ मिलसाठी तूर बघायला गेलेत.
फोनवर म्हणाले होते,
गोदामातली माणसं मला हसतात गं,
मी आपला बों दिया म्हणतो
आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घालतो.
तू शीक, म्हणजे मला सांगशील.

मागच्या रविवारपासून फोन नाही.

पोर्तुगीजमध्ये वडिलांना पाय म्हणतात.
पहिल्या दिवशी आम्ही इतके हसलो
की सुभान ओट्यावरून खाली गेला.

आज तास संपताना टीचरनी लिहिलं:
ओंद इश्तारा उ पाय?
मी अर्थ लावला, वडील कुठे असतील, उद्या, पुढे कधीतरी.
"उद्या नाही," त्या म्हणाल्या, "आत्ता.
नक्की माहीत नसलं ना,
की ही भाषा आत्तालासुद्धा भविष्यात ढकलते."

आपणही, मी म्हटलं.
टीचर, आपणही तसंच करतो.
रात्री साडेनऊला भाकरी उलटताना
आई तव्याकडेच बघत म्हणते,
तिकडे आता सहा वाजले असतील.
कामावरून सुटले असतील.
चहा मिळाला असेल का.
नेटवर्क नसेल.

टीचर काही बोलल्या नाहीत.
फळ्यावर एक सरळ रेघ मारली,
जिच्याखाली काहीच लिहायचं नव्हतं.
सुभाननं शेवटचं बिस्किट
माझ्या वहीवर आणून ठेवलं आणि चप्पल शोधत बसला.

घरचा अभ्यास, भविष्यकाळाची दहा वाक्यं.
ट्रेन सुटेल. लोचना रागावेल.
आम्ही केळी कापू. ऊन उतरेल.
नववं लिहीत होते तेवढ्यात
मोरीतून आई ओरडली, "पानी उनं!"

भूतकाळ.
वही पालथी टाकून मी हंडे घेऊन धावले,
पेन्सिल कानामागेच राहिली.
दहावं अजून लिहायचंय.