पाणी कुठे मुरतंय

निएब्ला म्हणजे धुकं.
गावाचंच नाव असं, मग काचांना काय बोल लावायचा,
असं म्हणत एर्सिराने चार हिवाळे काढले,
बाहीने आतून काच पुसत
वाल्दिवियाच्या बाजारात अंडी पोचवली.

गाडी मारुती. एकतीस वर्षांची.
मागच्या दारावर नाव शाबूत,
शेवटचं अक्षर तेवढं गंजाने खाल्लेलं.
चिलीच्या या टोकाला कुणालाच ठाऊक नाही
मारुती कोण, आणि त्याने एकदा समुद्र कसा ओलांडला.
इथे तो जहाजाच्या पोटातून आला, मुकाट,
आणि पावसात उभा राहिला.

ऑगस्टात क्लचशेजारी अळंबी उगवली.
एकच. नखाएवढी फिकट टोपी.
लेक म्हणाली, आई, आता पुरे.

सीट काढायला घेतली. बोल्ट हलेनात.
त्यांना रॉकेल पाजलं, हातोडीने समजावलं.
गालिचा उचलला तर खालचा फोम
भिजल्या कुत्र्याएवढा जड,
पिळला की काळं पाणी,
पुन्हा पिळला की पुन्हा काळं.
आणि तळाच्या पत्र्यावर, गंजाच्या पापुद्र्यांत
माशांचे खवले.
बाउदिलिओ जाऊन नऊ वर्षं झाली,
खवले अजून चमकत होते, निर्लज्जासारखे.
दोघी काही बोलल्या नाहीत.
एर्सिराने झाडू घेतला.

फोम शेगडीपाशी टांगला तेव्हा
घराला तीन दिवस गाडीचा वास.
जुन्या मोज्यांत तांदूळ भरून डॅशबोर्डवर ठेवले,
तांदळाने ओल प्यायली, कुबटपणाही प्यायला,
नंतर कोंबड्यांनी तो चोचीतसुद्धा घेतला नाही.

मग शोध. तो म्हणजे मारुतीचं शेपूट.
पाणी दिसतं तिथलं नसतंच कधी.
ते वर कुठेतरी शिरतं, खांबातून उतरतं,
वायरीचं बोट धरून चालतं
आणि भलत्याच पायाशी येऊन बसतं
आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने.

यास्ना आत, पाय दुमडून, दातांत टॉर्च,
दारांच्या रबरांवर टाल्कम पावडर फासून.
एर्सिरा बाहेर, हातात नळी.
भर पावसात गाडीवर पाणी मारणारी बाई बघून
शेजारचा रुपेर्तो कुंपणाशी थांबला,
टोपी काढली, पुन्हा घातली, गेला.

आलं?
नाही.
आता?
दार सोड आई, वर मार. वर!

छताचं अस्तर फाडलं.
मधोमध चार भोकं, डांबराने बुजवलेली,
डांबर तडकलेलं.
चौथ्यातून थेंब. थांबून, आणखी एक.

कर्णा होता तिथे.
शनिवारी सकाळी गल्लीगल्लीतून ओरडणारा पत्र्याचा कर्णा:
ताजी सिएरा, ताजी मेरलुसा, बायांनो, पातेली आणा!
उसन्या ड्रिलने भोकं पाडली होती बाउदिलिओने.
पाठ गेली, मासे सुटले, कर्णा विकला.
भोकं कोण विकत घेणार?

एर्सिरा आत आली, ओलीचिंब,
टॉर्च मागितला, बराच वेळ मान वर करून बघत राहिली.
“वाकडी पाडलीत,” म्हणाली.
“मला सांगितलं, मोजून पाडली.”

सिलिकॉन अंगठ्याने दाबलं.
तीन भोकांना भरपूर झालं, चौथ्यापाशी ट्यूब संपली,
तेव्हा यास्नाने तोंडातलं च्युइंगगम काढून दिलं.

गुरुवारी काचा स्वच्छ.
नदी थेट पलीकडच्या काठापर्यंत दिसली,
काठावर पसरलेले समुद्रसिंह, एकाचं तोंड उघडं.
शेजारच्या सीटवर अंड्यांचे सहा ट्रे.
पुलाच्या वळणावर एर्सिराच्या मानेवर
टपकन काहीतरी पडलं, गार.

तिने वर पाहिलं नाही.
गिअर बदलला.
“आता काय विकतोयस?” म्हणाली.