उजव्याचं डाव्याला

रामबागेतल्या हॉलमध्ये फळ्यावर
दर जूनमध्ये मी दोन रकाने आखायचो:
खुलं कौशल्य, बंदिस्त कौशल्य.
परतीचा फटका खुला, समोरचा काय देईल कुणी सांगावं.
सर्व्हिस बंदिस्त. चेंडू तुझा, तळहात तुझा,
घाई कुणाचीच नाही.

चारुता खासगीवाले बॅडमिंटनहून आली.
मनगट असं झटकायची की चेंडू
टेबल सोडून थेट ट्यूबलाइटकडे.
"जुनं शिकलेलं आडवं येतं," मी म्हणायचो,
"मनगट घरी ठेवून ये."
पाय मात्र तिने येताना आणले होते, आयते.
त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही.

मग फेब्रुवारीत माझी उजवी बाजू गेली.
पोह्यांचा चमचा हनुवटीवर. शर्टाची बटणं सुलूकडे.
पावणेतीन महिन्यांनी हॉलवर गेलो, नुसता बसायला.
चारुताने रॅकेट डाव्या हातात दिली.
"सर, बंदिस्त आहे. घाई कुणाचीच नाही."
चेंडू तिनेच उडवला,
म्हणजे तितकंसं बंदिस्त नव्हेच.

पहिल्या अकरा जाळीत.
बारावी गेली, कड घासून, बाहेर वळत,
माझंच जुनं वळण, आरशात पाहिल्यासारखं.
या हाताला मी कधी शिकवलं नव्हतं.
चाळीस वर्षं तो फक्त चेंडू उडवायचा
आणि शेजारी थांबून बघायचा.

आता रकाने डाव्यानेच आखतो.
रेघ तिरकी जाते, सराफ्याच्या गल्लीसारखी.
पण 'क'ची गाठ
उजव्याचीच.