तुंबेत्री

तीन दिवस नुसतं एक वर्तुळ फिरायचं,
मग काळं, मग पुन्हा वर्तुळ.
वडगावात वीज गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात,
ते थांबणं कळतं.
हे वेगळं होतं: दिवा लागलेला, पंखा घरघरतोय,
आणि आत कुणी उठत नाही.
बॅटरी काढून पाहिली. फुंकर मारून पाहिली.
बायको म्हणाली, नारळ तेवढा राहिलाय.

गोकाकच्या व्यापाऱ्याचा सकाळ-संध्याकाळ फोन:
काठावरचा राघू झाला काय?
राघू आतच होता,
एक पंख भरायचा राहिलेला.

शेवटी शहापुरात, शिंप्याच्या माडीवर, फकिरेश हळ्ळूरकडं.
त्यानं पेनड्राइव्ह लावला, त्यातूनच एक परकं छोटं घर उभं केलं
आणि त्या घराच्या खिडकीतून माझ्या बंद घरात डोकावला.
"मालक," म्हणाला, "तुंबेत्री."

कन्नडात एवढंच, की भरलंय.
घागर तुंबते, पोट तुंबतं,
दिवस भरलेली बाईसुद्धा तिकडं तुंबलेलीच.
मराठीत तुंबते ती मोरी.
आणि आमच्यासारख्यांच्या घरी, जिथं दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात,
भरणं कुठं संपलं नि अडणं कुठं सुरू झालं
ते पाणी अंगणात आल्यावर समजतं.

जागा शिल्लक: शून्य.
नुसतं उठायलासुद्धा याला थोडी मोकळीक लागते, तो म्हणाला.
मागवाल्याला हे कुणी सांगायला नको.
ताणा फाकल्याशिवाय धोटा जाणार कुठून?

मी वहीच्या पानावर यादी करून नेली होती,
काय काय पुसलं तरी चालेल.
सगळ्यात वर रेवणच्या लग्नाचा व्हिडिओ,
खाली दोन रेघा ओढून.
फकिरेशनं पाहिलं. "ह्ये? ह्ये चार जीबी बी न्हाई.
असू द्या की वो."

मग तो मोठ्यातलं मोठं हुडकत खाली उतरला,
फोल्डरात फोल्डर, ज्यांची नावं मी कधी ठेवली नव्हती,
आणि एका फाइलीवर थांबला.
एकशे नव्वद जीबी. चित्र नाही, गाणं नाही, नुसती अक्षरं.
उघडली तर एकच ओळ. इंग्रजीत, पण अर्थ घरचा:

प्रिंटर सापडत नाही. पुन्हा शोधतो.
प्रिंटर सापडत नाही. पुन्हा शोधतो.

खाली जावं तसं तेच, शेजारी तारीख आणि वेळ.
सेकंदाला कितीदातरी.
दिवाळीच्या रात्री पावणेदोनलासुद्धा,
मी झाकण न मिटता झोपलो होतो तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी वाटणीत
लॅपटॉप मला आला, प्रिंटर रेवणला.
धाकट्यानं तो सतरंजीत गुंडाळून टेम्पोत ठेवला, इचलकरंजीला नेला.
सह्या झाल्या. बोलण्यासारखं काही उरलं नाही
हेही आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं.
या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

"तेगीली एन्री?" फकिरेशचं बोट कळीवर.
काढ, म्हटलं.
दोन वर्षं गेली. आवाजसुद्धा झाला नाही.
वर्तुळ दोनदा फिरलं
आणि राघू समोर, एका पंखाचा.

"यादीतनं त्या प्रिंटरचं नावच काढतो,
न्हाईतर परत तुंबंल."
खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.
मी तिकडं बघत म्हटलं,
नाव राहू दे. लिहिणं तेवढं कमी कर.
त्यानं पन्नास एमबीची हद्द घातली,
भरलं की जुनं आपोआप पुसायचं.
"आता किती बी शोधू दे," म्हणाला. तीनशे घेतले.

व्यापाऱ्याला राघू कागदावर हवाय,
मोबाइलवर रंग खोटं बोलतात म्हणतो.
रात्री उशिरा पंख भरून झाला.
सवयीनं छपाईची कळ दाबली.
थोडा वेळ काही नाही.
मग खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
पुन्हा शोधतो.