पडीक

तो शब्द माझा.
बावीस वर्षांपूर्वी, वैशाखात, भर दुपारी
सड्यावर उभी राहून मी तो वहीत लिहिला.
जांभा तव्यासारखा तापलेला,
बाटलीतलं पाणी संपलेलं,
खालच्या वळणावर जीप हॉर्न देत होती.
एकवीस नमुने कापडी पिशव्यांत भरले,
कोल्हापुरात आणून दळले, चाळले.
अॅल्युमिना बेचाळीस टक्के.
शेऱ्याच्या रकान्यात: पडीक.
रकाना लहान होता.

आता कंपनीच्या अहवालात, पान अडुसष्टवर
तो शब्द इस्त्रीचे कपडे घालून बसलाय,
‘स्थानिक महाविद्यालयाच्या अभ्यासानुसार.’

शिरगुप्पे सरांनी पाठिंब्याचं पत्र लिहिलं.
स्टाफरूममध्ये चहाच्या कपांमधून कागद फिरला.
भूगोलानं सही केली, वनस्पतिशास्त्रानं केली,
मराठीच्या दोघींनी करता करता एक ऱ्हस्व दीर्घ केला.
रसायनवाल्यांना पेन सापडेना.
माझी सही वळणदार येते. आली.
इंगवले मॅडम हळूच म्हणाल्या,
‘स्वतःच्याच अहवालाला खोटं म्हणणार तुम्ही?’
टक्के खरे होते, मॅडम.

पत्र घेऊन मलकापूरपर्यंत एसटी,
पुढं दोन तास पायी, करवंदीच्या जाळ्यांतून.
ठकूबाई झोरे रवी घुसळत होत्या.
मी वाचलं, ‘आम्ही खाली सह्या करणारे’ इथपासून.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हात न थांबवता.
‘ग्वाड लिवलंय. पर पडीक म्हंजे वो काय?’
मी सांगितलं. वापरात नसलेली. पडून असलेली.
‘म्हशी बी दुपारच्या पडून असत्यात,’ त्या म्हणाल्या,
‘म्हून कुनी वडून न्हेतंय व्हय?’

मग लोणी पाण्यात ठेवून मला सड्यावर नेलं.
भादवा होता. कातळभर बोटाएवढी जांभळी फुलं,
पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती.
खळग्या-खळग्यात पाणी, आणि प्रत्येक पाण्याला नाव:
जी म्हैस तिथं पहिल्यांदा प्याली, तिचं.
वनहक्काचा दावा बारा वर्षं तालुक्यात पडून आहे
(पडीक, म्हणाव्यात का त्या फायली?).
पंच्याहत्तर वर्षं इथंच होतात याचा पुरावा आणा, म्हणतात.
मी शिकवते तो दगड साडेसहा कोटी वर्षांचा.
त्याच्याकडं आम्ही कधी दाखला मागितला नाही.

परत येऊन कपाटातली जुनी वही काढली.
पडीक. त्याच्याखाली, पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात:
‘चार झापं. एका बाईनं ताक दिलं. पैसे घेतले नाहीत.’
हे अहवालात गेलं नव्हतं.
याला रकानाच नव्हता.
फोनवर वाचून दाखवलं तर ठकूबाई म्हणाल्या,
‘त्यी आमची सासू. मानूस बघितलं की ताक वतायची.’
आणि मग बराच वेळ नेटवर्क गेल्यासारखं शांत.

आज सुनावणी. मांडवात पंखे, बिसलेरी, माईकची शिट्टी.
पुढच्या रांगेत टोप्या वाटलेली पोरं,
कोणाची ते विचारू नये.
झोरे, येडगे, लांबोर, डोईफोडे पहाटेच उतरून आलेत,
मागं जमिनीवर बसलेत.
शिरगुप्पे सर खुर्ची सोडून त्यांच्यात बसायला गेले,
गुडघ्यामुळं बसता येईना, तसेच उभे राहिले.
साहेबांनी माझ्या हाती एक फॉर्म दिला:
हरकतीचं स्वरूप, थोडक्यात.
चार ओळी, त्यातली एक सहीसाठी.

मी वही त्याला जोडली. मूळ प्रत.
लिहिलं: हा शब्द चूक आहे, आणि तो मी लिहिलाय.
ओळी संपल्या.
कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.
‘ठकूबाई, त्या पाण्यांची नावं सांगा.’
‘समदी?’
‘समदी.’
त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले, उत्तरेकडून सुरुवात केली:
‘चांदी. मग मोरी. मग बांडी, त्यी मारकी हुती, त्ये बी लिवा…’